सुईच्या टोकावरचा थेंब

थायरॉइडच्या गाठीची तपासणी करताना रुग्णाला खांद्याखाली उशी देऊन, मान मागे करून झोपवतात. ‘आता आवंढा गिळू नका’ एवढे सांगून डॉक्टर इंजेक्शनच्या सुईसारखी बारीक सुई गाठीत घालतात, ती काही क्षण मागेपुढे हलवतात आणि बाहेर काढतात. सुईच्या पोकळीत आलेला जेमतेम थेंब एका काचपट्टीवर पडतो, दुसऱ्या काचपट्टीने तो पसरला जातो आणि रुग्ण उठून घरी जातो. हे सारे दोन-चार मिनिटांत आटोपते. त्यामागे मात्र हजार वर्षांची वाट आहे आणि एकच जुना प्रश्न आहे: ही गाठ कापायची की राहू द्यायची?

गळ्यावरच्या सुजेला सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘गलगंड’ म्हटले आहे आणि तोच शब्द आपण आजही वापरतो. सुईचा उल्लेख शोधत गेलो, तर आपण इ. स. १०००च्या सुमारास अंदलुसियातल्या, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या, कॉर्डोबापाशी पोचतो. अबुल कासिम अल-झहरावी या शल्यविशारदाने आपल्या ‘तसरीफ’ या ग्रंथात सांगून ठेवले, की गळ्यावरच्या अशा सुजेला शस्त्र लावण्याआधी सुई घालून ती आतून कशी आहे ते पाहावे. रक्तवाहिन्यांशी जोडलेली गाठ कापू नये. त्याची भीती रास्त होती. थायरॉइड ग्रंथीतून रक्ताचा मोठा प्रवाह वाहतो आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिच्यावरच्या शस्त्रक्रियेत रुग्ण वारंवार दगावत. बर्नच्या थिओडोर कोखर यांनी रक्तस्राव आवरत, जंतुसंसर्ग टाळत मृत्यूचे प्रमाण अखेर एक टक्क्याच्या खाली आणले आणि १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळवले. पण पूर्ण ग्रंथी काढलेले रुग्ण पुढे सुजतात, मंदावतात, हेही त्यांनीच १८८३ मध्ये मांडले होते. कापणे सुरक्षित झाले, तरी विनाकारण कापण्याची किंमत रुग्णाला मोजावी लागतेच, हे तेव्हापासून स्पष्ट झाले.

निदानासाठी सुई पद्धतशीरपणे हाती घेतली ती न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये. हेज मार्टिन आणि एडवर्ड एलिस यांनी १९३० साली निरनिराळ्या अवयवांच्या गाठींतून पेशी ओढून काढल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांची सुई मात्र जाड होती, मिलिमीटरपेक्षाही रुंद. तिच्या वाटेने कर्करोग पसरेल या धास्तीने आणि विकृतिशास्त्रज्ञांना विस्कळीत पेशींपेक्षा ऊतीचा तुकडाच भरवशाचा वाटत असल्याने अमेरिकेत ही पद्धत मागे पडली. ती पुन्हा रुजली स्वीडनमध्ये. १९५२ साली निल्स सोडरस्ट्रोम यांनी गलगंडातून सुईने पेशी घेण्यावर लिहिले आणि पुढे स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात सिक्स्टेन फ्रान्झेन, जोसेफ झायिचेक आणि टोर्स्टेन लोव्हहागेन यांनी अतिशय बारीक सुईने हे शास्त्र घडवले. या परंपरेचा पाया रक्तविज्ञानात होता. रक्ताचा थेंब काचेवर पसरून, वाळवून, रंगवून एकेक पेशी वाचायची तिथल्या डॉक्टरांना सवय होती. तीच नजर त्यांनी गाठीकडे वळवली. सुईची कल्पना जुनीच होती, तिने आणलेला थेंब वाचणारा डोळा नवा होता. पुढच्या दोन-तीन दशकांत ही पद्धत जगभर पसरली आणि अनावश्यक शस्त्रक्रिया टळू लागल्या.

तरी सुईला एक मर्यादा उरलीच. थायरॉइडचा पॅपिलरी प्रकारचा कर्करोग पेशीच्या केंद्रकावरच्या खाचांवरून ओळखू येतो. फॉलिक्युलर प्रकारच्या कर्करोगाचा निर्णय मात्र गाठीचे आवरण फुटले आहे का, पेशी रक्तवाहिनीत शिरल्या आहेत का, यावर ठरतो आणि ते सुट्या पेशींत दिसूच शकत नाही. म्हणून सुईला सोबती मिळत गेले. १९४० आणि १९५०च्या दशकांत किरणोत्सारी आयोडीन शोषणाऱ्या ‘गरम’ आणि न शोषणाऱ्या ‘थंड’ गाठी वेगळ्या करता आल्या. १९६७ मध्ये जपानमध्ये फुजिमोटो आणि सहकाऱ्यांनी थायरॉइडवर सोनोग्राफी वापरली. आज रक्तातली टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) पातळी आणि सोनोग्राफीतले रूप पाहूनच सुई टोचायची की नाही हे ठरते. ऑक्टोबर २००७ मध्ये अमेरिकेतल्या बेथेस्डा इथे तज्ज्ञ जमले आणि सुईच्या तपासणीच्या अहवालांतल्या गोंधळलेल्या भाषेला सहा वर्गांची शिस्त मिळाली. मधल्या संदिग्ध वर्गांसाठी आता त्याच थेंबातल्या पेशींची जनुकीय चाचणीही करता येते.

सोबती वाढले तसा नवा धडाही मिळाला. दक्षिण कोरियात थायरॉइडची सरसकट सोनोग्राफी होऊ लागली आणि २०११ मध्ये थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३च्या पंधरा पट झाले. मृत्यूंचे प्रमाण मात्र जवळपास तेवढेच राहिले. २०१६ मध्ये एका मंद, आवरणबंद गाठीच्या नावातून ‘कार्सिनोमा’ (कर्करोग) हा शब्दच काढून टाकण्यात आला. सेंटिमीटरहून लहान गाठीला बहुधा सुई लावू नये, असेच आजचे मार्गदर्शन सांगते. सुई कापण्याआधी जपून पाहण्यासाठी आहे, हे अल-झहरावीने सांगितले होते. हजार वर्षांच्या वाटेवर आपण त्यात एवढीच भर घातली: सुई टोचण्याआधीही जपून पाहावे.