स्टार्टचं बटण कुठं गेलं?

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, ह्याला काय इतिहास म्हणायचं? पण तीस वर्षांचा इतिहास आहे त्याला. संगणकाच्या पडद्यावर खाली डाव्या कोपऱ्यात ‘स्टार्ट’ नावाचं बटण असतं. ते दाबलं की कामांची यादी वर उघडते. त्या बटणाची आणि यादीची ही गोष्ट.

आपल्या गटांतल्या कितीतरी बाया आज संगणकावर बसतात. कुणी गटाचा हिशेब भरते, कुणी सेवा केंद्रात दाखल्यांचे अर्ज भरते. हात बसलेला असतो. मग एक दिवस नवा संगणक येतो. बटण कोपऱ्यातून मधे सरकलेलं, यादी निराळी, संगणक बंद कुठून करायचा तेही दिसत नाही. मागं उभा असलेला कुणीतरी म्हणतो, ‘ताई, तुम्हाला नाही जमायचं, उठा.’ आणि बाई उठते. सहा-सात वर्षं तेच काम बिनचूक केलेली बाई!

उठायच्या आधी हा इतिहास ऐका.

२४ ऑगस्ट १९९५ ला अमेरिकेतल्या मायक्रोसॉफ्ट कंपनीनं विंडोज ९५ बाजारात आणलं. त्यात पहिल्यांदा हे बटण आलं. त्याआधीच्या विंडोजमध्ये एका चौकटीवर दुसरी चौकट उघडायची आणि खालची झाकून जायची. कंपनीनं साध्या माणसांना बोलावून संगणकासमोर बसवलं आणि ती कुठं अडतात ते पाहिलं. झाकलेली चौकट दिसेना की माणसांना वाटायचं, आपलं काम पुसलं गेलं. दोनदा टिचकी मारणंही अनेकांना जमेना. बटणाचं नाव आधी ‘सिस्टिम’ होतं, पण त्यावरून कुणाला काही कळेना. ‘स्टार्ट’, म्हणजे ‘सुरू करा’, असं लिहिलं तेव्हा हात आपोआप तिकडं गेला. ही मांडणी घडवणाऱ्यांत डॅनी ओरान होते, मानसशास्त्र शिकलेले. माणसाला सापडत नसेल तर मांडणी बदला, या विचारातून ते बटण आलं. (संगणक बंद करायलाही ‘सुरू करा’च दाबावं लागायचं, यावर लोक तेव्हापासून हसत आले आहेत.)

२००१ साली विंडोज एक्सपी आलं. यादी दोन रकान्यांची झाली, रंग बदलले. पण कंपनीनं एक चांगली सोय ठेवली होती, ज्यांना जुनी यादी हवी त्यांनी ‘क्लासिक’ निवडावी. त्याच वर्षी आपल्या राज्यात एमकेसीएल स्थापन झालं आणि पुढं एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्यातालुक्यात निघाले. आपल्यातल्या अनेकींनी माउस पहिल्यांदा हातात धरला तो त्या वर्गांत.

२००९ च्या विंडोज ७ मध्ये ‘क्लासिक’ची सोय काढून टाकली. तेव्हा इव्हो बेल्चेव्ह नावाच्या प्रोग्रामरनं ‘क्लासिक शेल’ हा छोटा प्रोग्राम लिहिला. तो संगणकावर घातला की जुनी यादी परत. पैसे काही नाहीत.

खरा गोंधळ झाला २०१२ मध्ये. विंडोज ८ आलं आणि त्यात बटणच नव्हतं! बोटानं स्पर्श करायच्या पडद्यांचा जमाना आला म्हणून सगळा पडदा रंगीत चौकोनी फरश्यांनी भरून टाकलेला. माउसवाल्यांनी कोपऱ्यात बाण नेऊन चाचपडायचं. मला विचाराल तर हा हट्टच होता. जगभर ओरडा झाला, लोक क्लासिक शेल उतरवून घेऊ लागले. २०१३ ला कंपनीनं बटण परत दिलं, पण दाबलं की पुन्हा त्याच फरश्या. यादी खऱ्या अर्थानं परतली ती २९ जुलै २०१५ ला, विंडोज १० मध्ये. म्हणजे इंग्रजी येणारे, पगारी, शिकलेसवरलेले लाखो लोक तीन वर्षं अडखळत होते. त्यांना कुणी ‘उठा’ म्हटलं नाही.

आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट परकी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर सास्तूरसारखी गावं नव्या जागी, सरळ रांगांत आखून उभी राहिली. नकाशा कागदावर ठीक होता. पण जुन्या गावातली ओसरी, आड, वळणाची गल्ली त्यात नव्हती. लोकांनी घरं सोडली नाहीत. पुढं पत्र्याचा सोपा काढला, अंगणात चूल मांडली, भिंत घातली. ज्याला राहायचं असतं तो घर आपल्यासारखं करून घेतोच.

आता सध्याचं. ५ ऑक्टोबर २०२१ ला विंडोज ११ आलं आणि बटण मधोमध गेलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार कंपनीनं थांबवला, त्यामुळं ठिकठिकाणी संगणक बदलताहेत. तुमच्याकडं बदलला असेल तर हे करा. खालच्या पट्टीवर मोकळ्या जागी माउसचं उजवं बटण दाबा, ‘टास्कबार सेटिंग्ज’ निवडा. त्यात ‘टास्कबार बिहेवियर्स’ उघडा, ‘टास्कबार अलाइनमेंट’समोर ‘सेंटर’ असेल ते ‘लेफ्ट’ करा. बटण आपल्या कोपऱ्यात परत येतं. रोज लागणाऱ्या प्रोग्रामवर उजवं बटण दाबून ‘पिन टू स्टार्ट’ केलं की तो यादीत वर बसतो. आणि खुद्द स्टार्टवर उजवं बटण दाबलं तर एक साधी यादी उघडते, संगणक बंद करायची सोय त्यातच आहे.

यादी पूर्ण जुन्या वळणाची हवी असेल तर क्लासिक शेलचं काम २०१७ साली थांबलं, पण बेल्चेव्ह यांनी त्याचा सगळा मजकूर खुला केला. स्वयंसेवक तेच आता ‘ओपन-शेल’ नावानं चालवतात, तेही फुकट. मात्र तो कुठल्याही अनोळखी दुव्यावरून घेऊ नका. आणि पंचायतीच्या किंवा केंद्राच्या संगणकावर विचारल्याशिवाय बसवू नका. घरचा, गटाचा असेल तर तुमची मर्जी.