‘निश्त’ची कुळकथा

जर्मन शिकणाऱ्या मराठी माणसाला नकाराचा पहिला धडा सोपा वाटतो. ‘इश कोमं निश्त’, म्हणजे मी येत नाही. नकार क्रियापदानंतर, आपल्यासारखाच. अडचण पुढे येते. ‘माझ्याकडे पैसे नाहीत’ म्हणताना ‘निश्त’ चालत नाही, ‘इश हाबं काइन गेल्ट’ म्हणावं लागतं. मराठीत नकार क्रियापदाला धरून असतो, इथे तो नामाला जाऊन चिकटतो. पाठ्यपुस्तक नियम देतं: नामापुढे ‘आइन’ (एक) असेल किंवा काहीच नसेल तर ‘काइन’, बाकी ठिकाणी ‘निश्त’. नियम बरोबर आहे. पण तो असा का झाला हे कळलं, तर घोकण्याचा बराचसा त्रास वाचतो.

अकराशे-बाराशे वर्षांपूर्वीच्या जर्मनमध्ये नकाराचं काम ‘नि’ हा एवढासा शब्द करत असे. संस्कृतातला आणि आपल्या मराठीतला ‘न’ याच मुळाचा. हा ‘नि’ क्रियापदाच्या अगदी आधी बसे. वाइसेनबुर्गच्या मठातला ओटफ्रीट इ.स. ८७०च्या सुमारास बायबलची कथा जर्मन पद्यात लिहीत होता. त्याच्या भाषेत नकारासाठी एकटा ‘नि’ सहसा पुरे.

मात्र नकारात जोर हवा असला की सगळीकडची माणसं एकच युक्ती करतात: एखादी क्षुल्लक वस्तू पुढे करून तीही नाही असं म्हणतात. आपण ‘कणभरही कळलं नाही’ म्हणतो, ‘काडीचाही उपयोग नाही’ म्हणतो. जर्मनांनी यासाठी ‘विह्त’ हा शब्द घेतला. विह्त म्हणजे जीव, वस्तू, काहीतरी. ‘नि’, ‘इओ’ (कधीही) आणि ‘विह्त’ मिळून ‘निओविह्त’ झाला, म्हणजे कधीही काहीही नाही. झिजत झिजत तो ‘निह्त’ आणि पुढे ‘निश्त’ झाला. मूळचा ‘विश्त’ अजून जिवंत आहे. ‘ब्योझंविश्त’ म्हणजे खलनायक, शब्दशः दुष्ट जीव.

झांक्ट गालनच्या मठात शिकवणारा नोटकर १०२२ साली वारला. विद्यार्थ्यांसाठी त्याने लॅटिन ग्रंथ जर्मनमध्ये आणले. त्याच्या लेखनात क्रियापदाआधी ‘ने’ आणि नंतर ‘निएह्त’ अशी जोडी ठायीठायी दिसते. जोर देण्यासाठी आलेला शब्द तोवर सवयीचा होत चालला होता. मध्ययुगातल्या जर्मनमध्ये ‘मला माहीत नाही’ हे ‘इख एनवेइस निह्त’ असं होई. पुढचा ‘एन’ उच्चारात इतका क्षीण झाला की काही शतकांत तो गळूनच पडला आणि नकाराचा सगळा भार मागच्या शब्दावर आला. ‘निश्त’ क्रियापदानंतर येतो तो यामुळे. मुळात ते क्रियापदाचं कर्म किंवा क्रियाविशेषण होतं, आणि आपली जागा त्याने सोडली नाही. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी १९१७ साली नकारावर पुस्तक लिहून दाखवून दिलं, की नकार झिजायचा, त्याला आधार द्यायचा आणि आधारानेच नकार व्हायचं, हे चक्र अनेक भाषांत फिरलं आहे. फ्रेंच ‘पा’ त्याच वाटेने आला. तो मूळचा ‘पाऊल’.

‘काइन’ची कथा मला याहून विलक्षण वाटते. त्याच्या मागे ‘निहेइन’ म्हणजे ‘एकही नाही’ हा शब्द आहे, आणि ‘देहेइन’ म्हणजे ‘कोणताही एक’ हाही. दुसऱ्यात नकार नव्हताच. नकारार्थी वाक्यांत वावरून तो नकारार्थी झाला. पण दोघांच्या पोटात ‘एक’ हा ‘आइन’ होता, आणि आजही आहे. म्हणूनच ‘काइन’ नामापुढे येतो आणि ‘आइन’सारखाच चालतो: आइनन हुंट, काइनन हुंट (हुंट म्हणजे कुत्रा).

‘निश्त्स’, म्हणजे ‘काहीच नाही’, ही त्याच ‘निह्त’ची षष्ठी. ‘निह्तेस निह्त’, म्हणजे काहीच नाहीमधलंही काही नाही, अशा जोरदार शब्दप्रयोगातून ती वेगळी झाली.

एका वाक्यात दोन नकार आले की होकार होतो, हा तर्क व्याकरणकारांनी नंतर प्रमाण जर्मनवर लादला. बायर्नच्या बोलीने तो मानला नाही. तिथे आजही ‘कोआ’ (काइन) आणि ‘नेट’ (निश्त) एकाच वाक्यात येतात, आणि ऐकणाऱ्याला नकारच ऐकू येतो.