शेशाख कोणत्या नकाशात आहे?

सकाळी चहाच्या पेल्याशेजारी वर्तमानपत्र व पेन्सिल घेऊन बसणारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. शब्दकोडे सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याचेच एक भावंड म्हणजे क्रिप्टोग्राम. आपण त्याला गूढाक्षरी म्हणू. एखादे वाक्य घेऊन त्यातील प्रत्येक अक्षराच्या जागी ठरवून दुसरे अक्षर घालतात आणि सोडविणाऱ्याने मूळ वाक्य शोधून काढायचे असते. हा उद्योग साहेबांच्या वर्तमानपत्रांनी काढला असा समज आहे. आम्ही मात्र वाचकांना आपला तनाख उघडावयास सांगू.

यिर्मयाच्या २५ व्या अध्यायात क्रोधाचा प्याला पिणाऱ्या राजांची यादी आहे. तिच्या शेवटी शेशाखचा राजा येतो. शेशाख नावाचा देश नकाशात सापडत नाही. त्याची किल्ली हिब्रूच्या बावीस अक्षरांत आहे. पहिल्या आलेफच्या जागी शेवटचे ताव, दुसऱ्या बेथच्या जागी शेवटून दुसरे शीन, असे उलटत जायचे. ह्या रीतीला अतबाश म्हणतात. बाबेल हा शब्द बेथ, बेथ, लामेद असा लिहितात. बेथचे शीन झाले, लामेदचे काफ झाले, की शेशाख तयार! ५१ व्या अध्यायाच्या आरंभीचे 'लेव कामाय' हे शब्द असेच उलटून पाहिले, तर कास्दीम, म्हणजे खास्दी लोक, हाती लागतात.

बाबेलच्या भीतीने नाव झाकले, असे काही भाष्यकार म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. ५१ व्या अध्यायाच्या ४१ व्या वचनात शेशाखच्या पाडावाबरोबर बाबेल हे नावही उघड घातले आहे. लपवावयाचे असते, तर त्याच वचनात किल्ली कोण ठेवील? आमच्या मते ही अक्षरांची हौस आहे, आणि बलाढ्य शत्रूचे नाव उलटेपालटे करण्यातली थट्टाही.

अतबाशची किल्ली ठरलेली असते. वर्तमानपत्रातील कोड्याची नसते. तेथे मोजणी कामास येते. नवव्या शतकात बगदादच्या अल्-किंदीने ती रीत लिहून ठेवली: भाषेत जे अक्षर सर्वांत अधिक येते, ते गुप्त मजकुरातही वेष बदलून तितक्याच वेळा येणार. इंग्रजीत 'ई' हे अक्षर शंभरात बारा-तेरा वेळा येते. हिब्रूत योद, हे, वाव ह्यांची गर्दी असते. एडगर अ‍ॅलन पो ह्याने १८३९ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका साप्ताहिकातून वाचकांना आव्हान दिले, 'तुमची गूढाक्षरे पाठवा, मी सोडवितो.' पुढे १८४३ मध्ये 'द गोल्ड-बग' ह्या कथेत त्याने हीच मोजणी दाखविली आणि शंभर डॉलरांचे बक्षीस मिळविले.

आपल्या मराठीत मात्र अक्षरे खरोखरच लपविण्यासाठी बदलली गेली. चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथाने आपले ग्रंथ परक्यांच्या हाती लागू नयेत म्हणून सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत उतरविले. मराठीतील अगदी जुने गद्य ह्याच पंथाचे. ते मठांतून शतकानुशतके जपले गेले. बाहेरच्या मराठी माणसाने पोथी उघडली, तरी त्याला आपलीच भाषा वाचता येत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांनी सकळ लिपीची किल्ली शोधली आणि मग हा ठेवा अभ्यासकांपुढे आला. फावल्या वेळचा रिकामा उद्योग म्हणून कोडी सोडविणाऱ्यांस हसणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

मराठीत असे कोडे रचणे जरा कठीणच. काना, मात्रा, वेलांटी तशीच ठेवली तर शब्द लगेच ओळखू येतो. तीही बदलली तर वाचणारा वैतागतो. हिब्रूत ती अडचण नाही. ज्यांना हात चालवून पाहावयाचा असेल त्यांच्यासाठी अतबाशमधील हा एक शब्द देतो: बेथ, काफ, पे, योद. रोज सकाळी दार उघडताच तो आपल्या तोंडी येतो.