बदकांची गणना आणि शिकारीचा हंगाम : एका संबंधाचा इतिहास

उत्तर अमेरिकेत वसंतातील बदकांची गणना आणि येत्या शिकारीच्या हंगामाविषयीची आशा यांचा संबंध स्वयंसिद्ध मानण्याकडे सामान्यतः कल दिसतो. वस्तुतः हा संबंध इतिहासाने घडविलेला असून अलीकडे तो काहीसा सैलही झाला आहे.

१९१६ साली अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडाच्या वतीने ग्रेट ब्रिटन यांच्यात स्थलांतरी पक्ष्यांविषयी करार झाला. १९१८च्या कायद्याने शिकारीचे नियमन संघशासनाकडे आले आणि १९२० साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले. अधिकार मिळाला; परंतु पक्ष्यांची संख्याच ठाऊक नसेल, तर मर्यादा कशाच्या आधारे घालावी? १९३०नंतरच्या अवर्षणात प्रेअरी प्रदेशातील तळी आटली व बदके रोडावली. तेव्हा कुठे, १९३५ साली, दाणे टाकून अथवा जिवंत बदकांचे आमिष दाखवून शिकार करण्यास मनाई झाली. निर्बंध आला तो संकट डोळ्यांना दिसल्यावर.

ही उणीव १९५५ पासून प्रमाणित पद्धतीने होणाऱ्या गणनेने भरून काढली. विमाने ठराविक रेषांवरून उडतात. हवेतून नजरेआड राहणाऱ्या पक्ष्यांसाठी जमिनीवरील मोजणीने दुरुस्ती केली जाते. बदकांबरोबर प्रेअरीतील तळीही मोजली जातात, कारण विणीचे यश पाण्यावर अवलंबून असते. १९९५ पासून हे आकडे गणिती प्रतिमानांद्वारे हंगामाच्या नियमांशी जोडले गेले.

तथापि २०१६-१७च्या हंगामापासून नियम आदल्या वर्षीच्या आकड्यांवरून ठरू लागले. म्हणजे शिकाऱ्याची आशा यंदाच्या पाण्यावर, तर कायद्याची मर्यादा गतवर्षीच्या पाण्यावर, अशी फारकत झाली. २०२० व २०२१ मध्ये महासाथीमुळे गणनाच झाली नाही. हंगाम मात्र झाले.

मग गणनेचे प्रयोजन काय उरले? २०१५ साली बदकांची संख्या सुमारे ४ कोटी ९५ लाख होती. २०२२ मध्ये ती सुमारे ३ कोटी ४२ लाख भरली. एवढी घट तात्पुरत्या अवर्षणाची की स्थायी ऱ्हासाची, याचा निवाडा एका वर्षाच्या आकड्याने होत नाही. त्यासाठी दशकानुदशके त्याच रेषांवरून केलेल्या नोंदींची मालिका लागते. येत्या हंगामाचे भाकीत हा गणनेचा लोकप्रिय उपयोग होय. तिचे खरे मोल या सातत्यात आहे, आणि म्हणूनच खंडित झालेली दोन वर्षे इतिहासाच्या अभ्यासकालाही खटकावीत.