बांध आम्ही घातले, माती कुणाची?

जमिनीची धूप, सेंद्रिय खत, शाश्वत शेती हे शब्द हल्ली सरकारी जाहिरातींपासून चर्चासत्रांपर्यंत सगळीकडे ऐकू येतात. चळवळीतल्या तरुणांपुढे हा विषय काढला की अनेकदा उत्तर येते, "हा जमीनवाल्यांचा प्रश्न आहे. आपल्याला कुठे शेती आहे?"

हे म्हणणे अर्धेच खरे आहे. आपल्या समाजाकडे जमीन कमी आहे, हे खरेच. पण महाराष्ट्राची माती जपण्याचा विचार आणि त्यासाठी गाळलेला घाम, या दोन्हींचा इतिहास आपला आहे. तो सोडून दिला तर उद्या मातीवर बोलण्याचा अधिकारही दुसरेच घेऊन जातील.

सुरुवात महात्मा फुल्यांपासून करू. १८८३ साली लिहून झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतिरावांनी धुपीचा प्रश्न नेमका पकडला आहे. डोंगरावरचे गवत, पालापाचोळा, मेलेल्या प्राण्यांचे कुजलेले सत्त्व पावसाबरोबर ओढ्यानाल्यांत वाहून वाया जाते. ते शेतात मुरले पाहिजे, असे ते सांगतात. त्यासाठी सरकारने लष्करातल्या आणि पोलिसातल्या रिकाम्या माणसांकडून ताली-बंधारे बांधून घ्यावेत, अशी त्यांची सूचना होती. जंगल खात्याने चराईची राने ताब्यात घेतल्यामुळे शेतकऱ्याच्या गुरांचे हाल झाले, हेही त्यांनी मांडले. म्हणजे जमीन नापीक होण्याचे खापर त्यांनी शेतकऱ्याच्या आळसावर किंवा नशिबावर फोडले नाही. त्यांनी राज्यकर्त्यांना आणि शेतकऱ्याला लुबाडणाऱ्या भटशाहीला जाब विचारला.

पुढे १९४२ साली मुंबई सरकारने जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला आणि कोरडवाहू भागात बांधबंदिस्तीला कायद्याचा आधार मिळाला. १९७२ च्या दुष्काळात तर लाखो माणसे कामावर उतरली. कुणी खडी फोडली, कुणी नालाबांध घातले, कुणी पाझर तलाव खोदले. रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला आणि ही कामे चालू राहिली. या कामांवर कोण होते? भूमिहीन, अल्पभूधारक, दलित, आदिवासी, भटके. आणि त्यांत बायका मोठ्या संख्येने. आपल्या आज्यांना विचारा. डोक्यावर पाटी घेऊन माती वाहिल्याची आठवण घराघरात सापडेल.

पण बांध पडला कुणाच्या शेतात? पाणी वाढले कुणाच्या विहिरीला? ज्याच्या नावावर सातबारा होता, त्याच्या. पाटी वाहणारीच्या हातात आठवड्याचा पगार पडला आणि माती मालकाकडे राहिली. रोजगार हमीने माणसे जगवली, ते ऋण आम्ही नाकारत नाही. पण मृदसंधारणाचा इतिहास लिहिताना योजनेचे नाव येते, अधिकाऱ्याचे नाव येते. ही पाटी मात्र येत नाही.

बाबासाहेबांनी हा गुंता फार आधी ओळखला होता. १९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. तुकडे जोडले की शेती सुधारेल, या सोप्या उपायावर त्यांनी बोट ठेवले. जमिनीचा आकार एकटा महत्त्वाचा नाही. त्या जमिनीवर लावायला भांडवल, अवजारे, जनावरे आहेत का, हा खरा सवाल आहे, असे त्यांचे म्हणणे. महार वतनाच्या जमिनींकडे पाहिले की हे पटते. तुकडा लहान, वाटेकरी अनेक, आणि त्या बदल्यात गावाची व सरकारची रात्रंदिवस चाकरी. अशा माणसाने खत कधी घालायचे आणि बांध कधी घालायचा? म्हणूनच १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले.

१९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये ते आणखी पुढे गेले. शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन गावकऱ्यांनी जातपात न पाहता सामूहिकपणे कसावी, कुणी जमीनदार नको, कूळ नको, भूमिहीन मजूरही नको. आणि पाणी, जनावरे, अवजारे, खत, बियाणे पुरवणे ही राज्याची जबाबदारी. या यादीत खत आहे, हे लक्षात घ्या. मातीचा कस राखण्याचा खर्च एकट्या गरीब कसणाऱ्यावर टाकायचा नाही, हा त्याचा अर्थ.

ती योजना संविधानात आली नाही. मग कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी रस्त्यावरची लढाई उभी केली. १९५९ चा आणि ६ डिसेंबर १९६४ पासूनचा देशव्यापी भूमिहीनांचा सत्याग्रह हा आपल्या चळवळीचा सर्वांत मोठा जमीनलढा. पडीक व गायरान जमीन भूमिहीनांना द्या, ही त्यातली मुख्य मागणी. मराठवाड्यात आपल्या माणसांनी गायराने कसायला घेतली. दगड वेचले, त्यांच्याच ताली रचल्या, शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या टाकून मुरमाड रानात ज्वारी, बाजरी, तूर, मूग, मटकी पिकवली. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, हे कृषी विद्यापीठ शिकवते. आपल्या बायांनी ते पोटासाठी करून दाखवले. त्याच गायरानांवरून हल्ले झाले, उभी पिके मोडली गेली.

राज्य सरकारने १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करायचे ठरवले. तरी कितीतरी कुटुंबांच्या हातात आजही सातबारा नाही. सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही, शेततळे नाही, खताच्या खड्ड्याचे अनुदान नाही. पुढच्या वर्षी हाकलतील या भीतीत जगणारा माणूस दहा वर्षांनी फळ देणारा बांध कसा घालील?

एक सावधगिरीही हवी. आज सेंद्रिय शेतीच्या नावाखाली जुन्या गावगाड्याचे गोडवे गायले जातात. त्या गावगाड्यात मेलेले जनावर कोण ओढत होते, ते आपण विसरायचे नाही. आम्हाला माती हवी, बलुतेदारी नको. आणि उसाच्या पट्ट्यात बेसुमार पाण्याने जमिनी क्षारपड झाल्या, तो नमुनाही आम्हाला नको.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. कसणाऱ्या गायरानधारकाला सातबारा द्या, त्यावर बाईचेही नाव लावा. रोजगार हमीचे बांध आधी भूमिहीनांना दिलेल्या जमिनींवर घाला. दादासाहेबांच्या नावाच्या सबळीकरण योजनेत चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत देण्याची तरतूद आहे. ती कागदावर ठेवू नका आणि खडकाळ जमीन गळ्यात मारू नका.

तरुण मित्रांनो, गावी गेलात की आपल्या वस्तीतल्या गायरानाची, वतनी जमिनीची कागदपत्रे तलाठ्याकडून काढा. ग्रामसभेत बसा आणि बांधाचे काम कुणाच्या शेतात चालले आहे, ते विचारा. माती वाचवा म्हणणाऱ्या प्रत्येकाला आपला एकच सवाल असू द्या: कुणासाठी?

जय भीम!