दार उघडलं, पण वर्ग बदलला का?

ज्यांना कानात इअरफोन घालण्यापेक्षा शांतपणे वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग लेखी स्वरूपात. बोलताना येणारे 'म्हणजे कसं आहे ना' शक्य तेवढे काढलेत. सगळे निघाले असतील असं नाही.

पिंपरीहून मेट्रोनं शिवाजीनगरकडे जाताना दापोडी सोडलं की आपण मुळा ओलांडतो, मग बोपोडी, मग खडकी. या खडकीत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट नावाची जुनी संस्था आहे. पहिल्या महायुद्धातून अपंगत्व घेऊन परतलेल्या हिंदी सैनिकांना पोटापाण्याचं काही शिकवावं, म्हणून ती १९१७ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि काही वर्षांनी खडकीला आली.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली १९५४ मध्ये. एमआयडीसी स्थापन झाली १९६२ मध्ये. चाकण तर त्याच्याही कितीतरी नंतर. म्हणजे अपंग माणसाला कामाचं शिक्षण द्यायचं, त्याला कमावता करायचं, हा विचार आपल्या पट्ट्यात कारखान्यांच्याही आधी पोचला होता. पण तो मोठ्या माणसासाठी होता, आणि तोही सैनिकासाठी. सहा वर्षांच्या पोरानं कुठे जायचं? आजचा भाग त्या पोराबद्दल आहे.

सुरुवातीचं उत्तर होतं: वेगळ्या शाळेत. मुंबईत माझगावला कर्णबधिर मुलांची शाळा १८८०च्या दशकात निघाली. १९०० मध्ये, छप्पन्नच्या दुष्काळाच्या त्या भयंकर काळात, अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड बाईंनी मुंबईत अंध मुलांची शाळा काढली. तीच पुढे दादरची अंधशाळा. पुण्यात डॉ. शंकरराव माचवे यांनी १९३४ मध्ये अंधांसाठी शाळा आणि वसतिगृह उभं केलं. आज 'समावेशक शिक्षण' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे आणि वेगळ्या शाळांना नावं ठेवायची फॅशन आहे. मला ती पटत नाही. ज्या काळात अंध मुलाला देवळाच्या पायरीवर बसवणं हाच लोकांना उपाय वाटायचा, त्या काळात कुणीतरी त्याच्या हातात अक्षर दिलं, हे लहानसहान काम नाही.

अक्षरावरून आठवलं. इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो, थोडं सहन करा.

ब्रेल लिपीत एका चौकटीत सहा ठिपके. प्रत्येक ठिपका उठलेला किंवा न उठलेला. म्हणजे सहा बिट, एकूण ६४ शक्यता, त्यातली एक कोरी. लुई ब्रेलनं ही पद्धत १८२९ मध्ये छापली, कॉम्प्युटरच्या शंभरेक वर्षं आधी. प्रश्न आला तो आपल्या भाषांचा. कोणता ठिपका म्हणजे 'क' हे ठरवणार कोण? कलकत्त्यात लालबिहारी शाह यांनी एक पद्धत बसवली, पश्चिमेकडे डॉ. नीलकंठराय छत्रपती यांनी दुसरी, आणखी ठिकाणी आणखी वेगळ्या. एका शाळेचं पुस्तक दुसऱ्या शाळेतल्या मुलाला वाचता येईना. ज्यांनी जुन्या फॉन्टमधली मराठी फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडून नुसती चिन्हांची भेळ पाहिली आहे, त्यांना हे दुखणं लगेच कळेल.

तोडगा निघाला १९५१ मध्ये, युनेस्कोच्या मदतीनं. त्या कामात क्लुथा मॅकेंझी नावाचे न्यूझीलंडचे गृहस्थ पुढे होते, आणि त्यांची स्वतःची दृष्टी पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला गेली होती. त्यातून 'भारती ब्रेल' आली. तत्त्व साधं: सगळ्या भारतीय भाषांत एका ध्वनीला एकच खूण. मराठीतला 'क', बंगालीतला 'क', तमिळमधला 'क', ठिपके तेच. भारतीय लिप्यांचं हे एकत्रीकरण कॉम्प्युटरच्या जगात व्हायला पुढची तीसेक वर्षं लागली. त्याच वर्षी देहरादूनला सरकारी ब्रेल छापखाना सुरू झाला.

हे सगळं वर्गाशी कसं जोडलंय? अंध मुलगी साध्या शाळेत बसायची असेल, तर शेजारणीच्या हातात जे पुस्तक आहे तेच तिच्याही हातात हवं, आणि तेही जूनमध्ये, दिवाळीनंतर नाही. छापखाना आणि एकच लिपी नसेल तर 'चला, एकत्र शिकूया' हे नुसतं भाषण.

सरकारी कागदावर एकत्र शिकण्याचा विचार लवकरच आला. कोठारी आयोगानं १९६६ च्या अहवालात सांगितलं की अपंग मुलांना शक्य तिथे साध्या शाळेतच शिकवा. १९७४ मध्ये केंद्राची योजनाही आली: पुस्तकं, गणवेश, प्रवासखर्च, अंध मुलाला वाचून दाखवणाऱ्याचा भत्ता. योजना चांगली होती. पण तिच्यात गृहीत धरलं होतं की मूल शाळेला जुळवून घेईल. खर्च मुलावर, बदल मुलात, शाळा होती तशीच.

या गृहीतकाला महाराष्ट्रातून सगळ्यात जोरात धक्का दिला तो मिथू अलूर यांनी, असं माझं मत. त्यांची मुलगी मालिनी चिब. जन्माच्या वेळी ऑक्सिजन कमी पडला आणि सेरेब्रल पाल्सी झाली: चालणं, बोलणं, हात हलवणं सगळंच अवघड, डोकं मात्र तल्लख. लंडनमध्ये प्रशिक्षण घेऊन मिथूताई परतल्या आणि १९७२ मध्ये मुंबईत त्यांनी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. मोजकी मुलं घेऊन कुलाब्यात शाळा निघाली. नर्गिस दत्त संस्थेच्या पहिल्या आश्रयदात्या होत्या. मालिनी पुढे सेंट झेवियर्समधून बीए झाली, लंडनमधून दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या आणि एका बोटानं टाइप करून आत्मचरित्र लिहिलं. २०१० साली आलेल्या त्या पुस्तकाचं नावच 'वन लिटल फिंगर'. 'मार्गरिटा विथ अ स्ट्रॉ' पाहिलाय? कल्की केकलाँचा? त्याची प्रेरणा मालिनीच. दिग्दर्शिका शोनाली बोस तिची नात्यातली बहीण.

पण मला या गोष्टीतला नंतरचा भाग जास्त मोठा वाटतो. मिथूताईंनी पीएचडी केली, तिचा विषय धोरणातून वगळलेली मुलं. १९७५ पासून देशभर अंगणवाड्या चालू होत्या. 'सर्व बालकांसाठी' असं त्या योजनेत लिहिलेलं. प्रत्यक्षात अपंग मूल त्यात येतच नव्हतं. कुणी 'नको' म्हटलं नव्हतं. 'सर्व' म्हणताना ते मूल कुणाच्या डोळ्यांसमोरच नव्हतं, एवढंच. आणि मग १९९९ मध्ये, सत्तावीस वर्षं विशेष शाळा चालवलेल्या या बाईंनी समावेशक शिक्षणाचं राष्ट्रीय केंद्र काढलं, आपल्याच विशेष शाळेतली मुलं साध्या शाळांकडे पाठवायला लागल्या, धारावीच्या अंगणवाड्यांत काम सुरू केलं. स्वतः उभारलेली गोष्ट पुरेशी नाही हे ओळखून पुढे जायला किती हिंमत लागते! आम्ही आमचा तीन वर्षं जुना कोड बदलायला तयार नसतो.

आता अपंगत्व दिसतच नसेल तर? प्रत्येक वर्गात एक पोरगं असतं, बोलायला हुशार, गोष्ट तोंडपाठ, आणि वहीत मात्र सगळा गोंधळ. आपल्याकडे त्याला एकाक्षरी नाव होतं: 'ढ'. डिस्लेक्सिया हा शब्द घराघरात पोचवला २००७ च्या 'तारे जमीं पर'नं, पण महाराष्ट्र सरकार त्याच्या अकरा वर्षं आधी हललं होतं. १९९६ मध्ये अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत अधिकृत सवलती देणारं हे देशातलं पहिलं राज्य. जादा वेळ मिळाला. शुद्धलेखनाचे गुण कापायचे नाहीत असं ठरलं. दुसऱ्या भाषेऐवजी कार्यानुभव घेता येऊ लागला, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं गणित. शाळेनं मुलासाठी आपला नियम वाकवला, आणि तोही बोर्डाच्या परीक्षेसारख्या पवित्र गोष्टीत. या निर्णयाला आपल्या इतिहासात पुरेसं श्रेय मिळालेलं नाही.

मेख एकच होती. सवलतीसाठी प्रमाणपत्र, प्रमाणपत्रासाठी तपासणी. तपासणीची केंद्रं मोजकी, त्यातली महत्त्वाची मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत, शीवच्या टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी. चाचण्या प्रामुख्यानं इंग्रजीतल्या. मराठी माध्यमाच्या मुलाला मराठी वाचता येतं का, हे इंग्रजीतून कसं तपासणार?

आणि मराठीच्या अडचणी इंग्रजीसारख्या नाहीतच. 'पिंपरी'च लिहून बघा. पहिली वेलांटी कागदावर 'प'च्या आधी येते, उच्चारात नंतर. कॉम्प्युटरमध्ये ती 'प'नंतर साठवलेली असते आणि स्क्रीनवर दाखवताना सॉफ्टवेअर ती उचलून पुढे नेतं. त्यासाठी खास प्रोग्रॅम लिहावा लागतो. जे करायला मशीनला वेगळा कोड लागतो, ते पहिलीतल्या पोरानं आपोआप करावं अशी आपली अपेक्षा असते. (भारती ब्रेलमध्ये ही भानगड नाही. तिथे स्वर उच्चाराप्रमाणे नंतरच येतो.) हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीसाठी 'डाली' नावाची चाचणी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं पुढे तयार केली, पण १९९६ च्या निर्णयानंतर बऱ्याच वर्षांनी.

हे चाकणमध्ये आणून बघा. कंपनीत कंत्राटावर काम करणारा बाप, महाळुंगे किंवा कुरुळीला भाड्याची खोली, घरात भोजपुरी किंवा मराठवाडी बोली, शाळा मराठी माध्यमाची, आणि वर्षाच्या मध्येच बदललेली. पोराला वाचता येत नाही. भाषा नवीन म्हणून? शाळा बुडाली म्हणून? ऐकू कमी येतं म्हणून? की डिस्लेक्सिया? चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात बाईंनी हे कसं ओळखायचं? त्या 'लक्ष देत नाही' असा शेरा मारतात. त्यांना दोष देणं सोपं आहे, पण हे ओळखायचं शिक्षण त्यांना दिलं कुणी?

कायदे तोवर भराभर आले. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले आणि अध्ययन अक्षमता त्यात आली. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो २०१२ मध्ये दुरुस्त होऊन अपंग मुलं वंचित गटात धरली गेली, म्हणजे खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागांवर त्यांचा हक्क आला. चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण. वर पाट्याही बदलल्या: 'अपंग'चं 'दिव्यांग' झालं. पाटी बदलायला एक जीआर पुरतो.

शिक्षक नेमायला तो पुरत नाही. २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आकडाच सांगून टाकला: प्राथमिकला दर दहा विशेष गरजांच्या मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढच्या वर्गांना दर पंधरांमागे एक. या शिक्षकांनी तोवर महाराष्ट्रात वर्षानुवर्षं कंत्राटावर काम केलं होतं, दरवर्षी नूतनीकरणाची वाट बघत. २०२४ मध्ये राज्यानं ४,८६० कायम पदं मंजूर केली, दर केंद्राला एक.

केंद्र म्हणजे एक शाळा नव्हे. एका केंद्रात साधारण दहा-पंधरा शाळा येतात. म्हणजे सोमवारी एका शाळेत, मंगळवारी दुसऱ्या, आणि खेड तालुक्यासारख्या ठिकाणी मधली वाट चाकणच्या ट्रॅफिकमधून. ज्या पोराला आज वेलांटी कुठे लावायची हे कुणीतरी शेजारी बसून दाखवायला हवं, त्याच्याकडे ते शिक्षक परत येईपर्यंत दोन आठवडे गेलेले असतात, आणि वर्ग पुढच्या धड्यावर.