कैरोच्या नर्तकींचा प्रवास

इ. स. १८९३ सालचें शिकागो म्हटलें कीं मराठी घरांत एकच प्रसंग आठवतो. त्या वर्षीं ११ सप्टेंबर रोजीं सर्वधर्मपरिषदेंत स्वामी विवेकानंदांचें भाषण झालें आणि अमेरिकेंत हिंदुस्थानची नवी ओळख झाली. मुंबईहून गेलेले बी. बी. नगरकर हेहि त्याच परिषदेंत बोलले होते. परंतु ही परिषद ज्या प्रचंड जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानें भरली, त्या प्रदर्शनाच्या आवारांत पूर्वेकडील आणखी एक मंडळी त्याच उन्हाळ्यांत अमेरिकन प्रेक्षकांपुढें उभी होती. ती कैरोहून आलेल्या वादकांची व नर्तकींची मंडळी होय. स्वामी इंग्रजींत बोलले. ऐकणाऱ्यांस तें कळलें. नर्तकींची भाषा अंगाच्या हालचालींची होती. ती पाहणाऱ्यांस कळली नाहीं, आणि जें कळलें नाहीं त्यास त्यांनीं आपल्याला दिसलें तेवढ्यावरून नांव ठेवलें. फ्रेंचांनीं आधींच रूढ केलेलें ‘पोटाचा नाच’ हें नांव तेथें इंग्रजी भाषेंत पक्कें झालें, आणि आज सर्व जग ह्या कलेस ‘बेली डान्स’ म्हणून ओळखतें.

ज्यांची ही कला, ते लोक तिला काय म्हणतात? इजिप्तमध्यें घरगुती व गांवगाड्यांतील नाचास ‘रक्स बलदी’, म्हणजे आपल्या मुलखाचा नाच, असें म्हणतात. रंगभूमीवरील सजवलेल्या प्रकारास ‘रक्स शर्की’, म्हणजे पूर्वेकडील नाच, असें नांव आहे. दोहोंपैकीं एकांतहि पोटाचा उल्लेख नाहीं. हा नाच मुळांत अंगणांतला. लग्न, सुंता, पीरांचे उरूस हीं त्याचीं ठिकाणें. थोड्या जागेंत, फारसें पाऊल न हलवतां, कंबर, धड आणि खांदे यांच्या बारीक हालचालींनीं ताल उमटवावयाचा, ही त्याची रीत. दरबुका हें एका तोंडाचें मातीचें तालवाद्य, रबाब हें तंतुवाद्य आणि नर्तकीच्या बोटांत पितळेच्या चिमुकल्या झांजा, एवढा त्याचा सरंजाम. आपसांत तर घरोघरच्या स्त्रिया हा नाच करीतच. परंतु पैसे घेऊन चारचौघांत तो करणाऱ्या स्त्रियांचा वर्ग निराळा होता.

त्या वर्गांतहि दोन थर होते. ‘आलिमा’ ह्या शब्दाचा अर्थ विदुषी. ह्या स्त्रिया प्रतिष्ठित घरांच्या जनानखान्यांत गात, आणि घरचे पुरुष त्यांचें गाणें पडद्याआडून ऐकत. दुसऱ्या ‘गवाझी’. त्या रस्त्यावर, जत्रेंत, घराच्या दारापुढील अंगणांत उघड्या तोंडानें नाचत. इंग्रज ग्रंथकार एडवर्ड लेन यानें कैरोंत राहून तेथील लोकांच्या चालीरीतींवर इ. स. १८३६ मध्यें जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत ह्या दोन्ही वर्गांचें वर्णन आहे. गवाझींवाचून लग्नास शोभा नाहीं, पण लग्नघराच्या आंत त्यांना जागा नाहीं, अशी त्यांची स्थिति होती. तमाशाच्या फडांत नाचणाऱ्या स्त्रियांचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे, त्यांस यांत नवल वाटणार नाहीं.

ह्या स्त्रियांचा पहिला मोठा प्रवास स्वखुषीचा नव्हता. इ. स. १८३४ मध्यें इजिप्तचा अधिपति मुहंमद अली यानें कैरोंतील स्त्रियांच्या जाहीर नाचावर व वेश्याव्यवसायावर बंदी घातली. त्यापूर्वीं सरकार ह्याच स्त्रियांकडून कर घेत असे व त्याचें उत्पन्न थोडेंथोडकें नव्हतें. आतां हुकूम मोडणारीस पहिल्या गुन्ह्यास पन्नास फटके आणि पुढील गुन्ह्यांस सक्तमजुरी, अशी शिक्षा ठरली. अनेकींना नाईल नदीच्या वरच्या अंगास किना, इस्ना आणि अस्वान ह्या गांवीं पाठविण्यांत आलें. कैरोंतील नाचाची हौस मात्र हद्दपार झाली नाहीं. आपल्याकडील नाच्या पोऱ्यासारखे स्त्रीवेषांतील पुरुष तेथें होतेच. त्यांचा धंदा वाढला.

बंदीचा आणखी एक परिणाम झाला, तो हुकूम काढणाऱ्यांच्या मनांतहि नसेल. प्राचीन देवळें पाहण्यासाठीं युरोपियन प्रवासी नावेनें नाईलवरून दक्षिणेकडे जात. वाटेंत इस्नाचा मुक्काम लागे आणि हद्दपार नर्तकींचा नाच हा त्या सफरीचा भागच होऊन बसला. फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेर हा इ. स. १८५० मध्यें इस्ना येथें कुचुक हानम नांवाच्या नर्तकीस भेटला व तिच्याविषयीं त्यानें लिहून ठेविलें. ‘कुचुक हानम’ हे तुर्की शब्द आहेत आणि त्यांचा अर्थ नुसता ‘धाकट्या बाईसाहेब’ एवढाच होतो. फ्रेंच वाङ्मयांत अजरामर झालेल्या ह्या स्त्रीचें खरें नांव त्यावरून कोणासहि कळावयाचें नाहीं. जी कला पूर्वीं शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लग्नांत होत असे, ती आतां अनोळखी पाहुण्यांपुढें, एका रात्रीच्या करमणुकीसाठीं होऊं लागली. पुढें बंदी शिथिल झाली. पण पाहुण्यांची दृष्टि कायम राहिली.

इ. स. १८६९ मध्यें सुवेझचा कालवा खुला झाला आणि इ. स. १८८२ मध्यें इंग्रजांनीं इजिप्त व्यापला. प्रवाशांस इजिप्त जवळ आला. मग इजिप्तच उचलून प्रवाशांच्या दारीं नेण्याची कल्पना निघाली. इ. स. १८८९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनांत, ज्या वर्षीं आयफेल मनोरा उभा राहिला त्याच वर्षीं, कैरोचा एक रस्ता हुबेहूब बांधण्यांत आला. गाढवें व गाढववाले सुद्धां तिकडूनच आणले होते. तेथील नर्तकींस पाहावयास पॅरिस लोटलें. हें यश पाहूनच शिकागोच्या चालकांनीं तसाच रस्ता आपल्याकडे मांडविला.

शिकागोचें प्रदर्शन १ मे १८९३ रोजीं उघडलें व ३० ऑक्टोबर रोजीं बंद झालें. त्या सहा महिन्यांत सुमारे पावणेतीन कोटी वेळां त्याचीं दारें ओलांडलीं गेलीं. मुख्य प्रदर्शनाच्या शेजारीं ‘मिडवे’ नांवाचा सुमारे एक मैल लांबीचा पट्टा होता. तेथें २६४ फूट उंचीचा फेरिसचा पाळणा फिरत होता आणि त्याच्या आसपास जावा, दाहोमी, अल्जीरिया, तुर्कस्थान इत्यादि देशांचीं खेडीं उभीं केलेलीं होतीं. कागदोपत्रीं हा सर्व भाग मानववंशशास्त्राच्या विभागाखालीं येत असे, आणि हार्वर्डचे प्राध्यापक पुटनम हे त्या विभागाचे प्रमुख होते. प्रत्यक्षांत तेथें तिकिटांचा हिशेब चाले. अल्जीरियाच्या खेड्याशीं संबंध असलेला सॉल ब्लूम हा अवघ्या बावीस-तेवीस वर्षांचा तरुण ह्या पट्ट्यावरील करमणुकींचा व्यवस्थापक होता. ज्ञानाची पाटी आणि जत्रेचा गल्ला यांची अशी जोड तेथें होती.

मिडवेवरील सर्वांत गजबजलेल्या ठिकाणांपैकीं एक म्हणजे कैरोचा रस्ता. भूमध्य समुद्र, अटलांटिक महासागर आणि त्यानंतर आगगाडी, एवढा पल्ला ओलांडून माणसें, उंट व गाढवें तेथें पोहोंचलीं होतीं. मशीद होती, दुकानें होतीं, कॉफीगृह होतें. उंटांसह लग्नाची वरात रस्त्यानें निघे. लग्न मात्र कोणाचेंच नव्हतें. ह्या एका गोष्टींत सर्व प्रकरणाचें मर्म आहे. कैरोंतील वरातींत नाचणारीभोंवतीं नवरीची आई, शेजारणी, मुलें असत. तिच्या तालावर टाळ्या पडत, थट्टा होई, कौतुक होई. शिकागोंत तोच नाच नाट्यगृहाच्या मंचावर आला. प्रसंग गेला, ओळखीचीं माणसें गेलीं आणि उरलें तें हलणारें अंग. तेवढेंच प्रेक्षकांनीं पाहिलें.

तें पाहून त्यांस धक्का बसला, यांतहि त्या काळच्या अमेरिकेचाच इतिहास आहे. तेथील स्त्रिया त्या वेळीं कंबर आवळून धरणारे ताठ कॉर्सेट घालीत. कंबर मोकळी असूं शकते आणि ती तालावर हलूं शकते, हेंच अनेकांस अश्लील वाटलें. वास्तविक त्या वेळच्या छायाचित्रांत नर्तकींच्या अंगावर सदरा, जाकीट व घोळदार घागरा असे पुरेसे कपडे दिसतात. न्यू यॉर्कच्या दुराचारप्रतिबंधक संस्थेचे अँथनी कॉमस्टॉक जातीनें आले व त्यांनीं हे नाच बंद करण्याची मागणी केली. नाच बंद झाले नाहींत. गर्दी मात्र वाढली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत न्यू यॉर्क शहरांत हा नाच होऊं लागला, तेव्हां पोलिसांनीं नर्तकींस पकडलें व न्यायालयांत त्यांना दंड झाला. ज्यांनीं त्यांना मंचावर उभें करून नफा मिळविला, त्यांची अब्रू शाबूत राहिली.

पुढें तर नाच एकीकडे राहिला व त्याचें सोंग जोरांत चाललें. ‘लिटल ईजिप्त’ ह्या नांवानें अनेक स्त्रिया अमेरिकेभर नाचूं लागल्या, आणि प्रत्येकीस शिकागोची मूळ नर्तकी आपणच असें सांगावें लागे. प्रदर्शनांत ह्या नांवाची कोणी नर्तकी होती, यास पुरावा मिळालेला नाहीं. इ. स. १८९६ मध्यें एडिसनच्या कंपनीनें फातिमा नांवाच्या नर्तकीचा छोटासा चित्रपट घेतला. तिच्या छातीवर व कंबरेवर पांढऱ्या पट्ट्यांचें कुंपण उमटवून तो पुढें दाखविण्यांत आला. ‘पूर्वेकडचें’ म्हणून जी एक सुरावट आजहि गारुड्याच्या दृश्याबरोबर वाजते, ती आपण शिकागोंत पियानोवर सहज जुळविली, असें सॉल ब्लूमनें पुढें आत्मचरित्रांत सांगितलें आहे. अशा रीतीनें नांव, सोंग आणि सूर हीं तिन्ही परक्यांनीं बनविलीं व तीं कैरोच्या नांवावर खपलीं.

हें सर्व समुद्रापलीकडेच राहिलें असतें तरी एक वेळ चाललें असतें. पण तें परत घरीं आलें. इ. स. १९२६ मध्यें बदिया मसाबनी हिनें कैरोंत आपलें नृत्यगृह काढलें. तेथें मोठा मंच होता, वाद्यवृंद होता आणि निम्मे प्रेक्षक परकीय संस्कारांत वाढलेले. नाचाला पाऊल फुटलें, हातांचा विस्तार आला, आणि पाश्चात्त्य रंगमंच व चित्रपट यांच्या वळणाचा चमकदार दोन भागांचा पोषाखहि आला. तहिया करिओका व सामिया गमाल ह्या तिच्याच छायेंत पुढें आलेल्या नर्तकी. त्यांच्या हातीं कला बिघडली असें म्हणणें अन्यायाचें होईल. इजिप्शियन चित्रपटांतून त्यांनीं तिला घरोघर पोहोंचविलें. परंतु त्यांना पाहणारा मध्यमवर्गीय गृहस्थ आपल्या मुलीनें नाचावें, असें म्हणण्यास तयार नव्हता.

ही गांठ सोडविण्याचा प्रयत्न इ. स. १९५९ मध्यें झाला. हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें कसरतपटु म्हणून इजिप्ततर्फे उतरलेला महमूद रेदा, त्याचा भाऊ अली आणि फरीदा फहमी यांनीं ‘रेदा नृत्यमंडळी’ काढली. फरीदाचे वडील हसन फहमी हे अभियांत्रिकीचे प्राध्यापक. त्यांनीं मुलीस उघडपणें पाठिंबा दिला, ही त्या काळीं साधी गोष्ट नव्हती. मंडळीनें खेड्यापाड्यांत हिंडून लोकांच्या चाली टिपल्या, त्यांवरून तालमी बसविल्या आणि आपल्या कामास लोकनृत्य असें नांव दिलें. इ. स. १९६१ मध्यें सरकारनें तिला आपल्या आश्रयाखालीं घेतलें. पुढें ही मंडळी अनेक देशांत प्रयोग करून आली. तेव्हां तिच्याबरोबर तिच्या कलावंतांचीं नांवें व देशाचा मान गेला. इ. स. १९६७ च्या ‘घराम फिल् कर्नाक’ ह्या चित्रपटांत हीच मंडळी आगगाडीनें लक्सरला जाते, तेथें तालीम करते आणि प्रयोग करते.

लक्सरपासून दक्षिणेस थोड्याच अंतरावर इस्ना आहे. जेथें १८३४ मध्यें नर्तकींस शिक्षा म्हणून पाठविलें, त्याच मुलखांत सव्वाशे वर्षांनीं नर्तकींचें स्वागत झालें. पण हिशेब पुरा फिटला असें म्हणवत नाहीं. मान मिळाला तो सुशिक्षित घरांतील मुलींस. लक्सरच्या आसपास पिढीजात नाचणाऱ्या गवाझी कुटुंबांस त्या मानाचा फारसा वांटा मिळाला नाहीं, आणि त्यांचे फड एकामागून एक मोडले. नृत्यास प्रतिष्ठा आली. तें सांभाळणाऱ्या हातांस ती आली नाहीं.

आज युरोप, अमेरिका, जपान येथील स्त्रिया हा नाच शिकण्यासाठीं, शिबिरें व प्रयोग यांसाठीं कैरोची वाट धरतात. १८९३ सालीं कैरोच्या नर्तकींनीं जेवढा पल्ला ओलांडला, तेवढाच आतां उलट्या दिशेनें ओलांडला जातो. शिकणारी पाहणाऱ्यापेक्षां अधिक जवळ येते, हें खरें. परंतु तिला पहिला धडा तालाचा नव्हे, नांवाचा घ्यावा लागतो. ज्या नाचास ती पोटाचा म्हणत आली, त्यास तिची गुरु आपल्या मुलखाचा नाच म्हणते.